आ कोरुन्यातील सान शुआनची रात्र: समुद्रकिनाऱ्यावर पहिल्यांदाच जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसिया हा स्वायत्त प्रदेश आहे आणि तेथील आ कोरुन्या या बंदराच्या शहरात वर्षातील सर्वांत मोठी रात्र २३ जूनची असते. बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा जन्मदिवस २४ जूनला साजरा होतो. त्याच्या आदल्या रात्री रियासोर, ओर्सान आणि मातादेरो या शहराला खेटून असलेल्या किनाऱ्यांवर वाळूत जागोजाग शेकोट्या पेटतात. स्पॅनिशमध्ये या सणाला सान हुआन म्हणतात, गालिसियनमध्ये सान शुआन. २०१५ पासून आ कोरुन्याच्या या उत्सवाला आंतरराष्ट्रीय पर्यटन महत्त्वाचा उत्सव असा सरकारी दर्जाही आहे. आ कोरुन्या विद्यापीठात किंवा जवळच्या सांतियागो दे कोंपोस्तेला येथे शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला ही रात्र बहुधा वर्षअखेरच्या परीक्षांच्या सुमारास येते आणि पुष्कळ जण ती किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून छायाचित्रे काढून संपवतात. माझ्या मते हे मोठे नुकसान आहे, कारण हा सण लांबून पाहण्याचा नाही. लाकूड वाहणे, जागा धरणे, मासे भाजणे आणि शेवटी वाळू साफ करणे यांपैकी एखादे काम अंगावर घेतले, की नवख्यालाही या रात्री पाहुणा म्हणून उभे राहावे लागत नाही.

आधी गट शोधावा

किनाऱ्यावरची प्रत्येक शेकोटी कोणत्या तरी गटाची असते: एका वर्गातील मुलांची, एका इमारतीतील शेजाऱ्यांची, एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांची. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच वर्गमित्रांना, घरातील सहनिवाशांना किंवा विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या गटाला विचारून ठेवावे. स्थानिक मित्राच्या गटात जागा मिळाली तर ती पहिल्यांदा घ्यावी, कारण गालिसियातील लोक आरंभी थोडे राखून बोलतात, पण ज्याने सकाळपासून लाकूड वाहिले त्याला रात्री परका मानत नाहीत. तशी ओळख नसेल तर आठ-दहा विद्यार्थ्यांनी आपलाच गट करावा. याहून मोठ्या गटात कामे कोणाचीच राहत नाहीत आणि याहून लहान गटाला रात्रभर जागा राखणे जड जाते.

गट ठरला की कामे नावानिशी वाटून घ्यावीत. लाकूड कोण आणणार, जागेवर दुपारपासून कोण बसणार, बाजारात कोण जाणार आणि पहाटे विस्तव विझेपर्यंत मद्य न घेता कोण थांबणार, हे चारही प्रश्न आधीच सुटलेले असावेत. शेवटचे काम दोघांना द्यावे. खर्च स्पेनमध्ये बहुधा बिसुम या फोनवरील सेवेने वाटला जातो, परंतु तिच्यासाठी स्पॅनिश बँकेचे खाते लागते. ते नसलेल्या विद्यार्थ्याने सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

सांतियागोहून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. दोन शहरांमधील रेल्वेप्रवास साधारण अर्ध्या तासाचा असला तरी मध्यरात्रीनंतर परतीची गाडी मिळेल असे गृहीत धरू नये. रात्र किनाऱ्यावर किंवा मित्राच्या घरी काढून सकाळच्या गाडीने परतण्याचा बेत करावा, म्हणजे ऐन बारा वाजता स्थानकाकडे धावण्याची वेळ येत नाही.

नियम आणि लाकूड

नगरपालिका दरवर्षी सणापूर्वी नियम जाहीर करते. कोणत्या किनाऱ्यावर शेकोटी पेटवता येईल, लाकूड कोणत्या वेळेत वाळूवर नेता येईल, कोणते रस्ते वाहनांसाठी बंद राहतील आणि सकाळी किनारा केव्हा रिकामा करावा लागेल, हे सर्व त्यात असते. हे तपशील वर्षागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नये. काचेच्या बाटल्या वाळूवर नेऊ देत नाहीत आणि प्रवेशाच्या ठिकाणी पिशव्या तपासल्या जातात, त्यामुळे पेये आधीच प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या भांड्यांत काढून घ्यावीत. शहराबाहेरच्या एखाद्या निर्जन किनाऱ्यावर किंवा रानाच्या कडेला आपल्या मनाने शेकोटी पेटवण्याचा विचारही करू नये. गालिसियात उन्हाळ्यातील वणवे हे फार जुने दुखणे आहे आणि तेथे उघड्यावर विस्तव पेटवण्यावर कडक बंधने आहेत.

लाकूड कोरडे, साधे आणि रंग न लावलेले असावे. रंगवलेले फर्निचर, प्लायवुड, गाद्या, प्लॅस्टिक आणि टायर जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो आणि तो शेजारच्या गटाच्या ताटात जातो. मालवाहतुकीच्या लाकडी फळ्या सहज मिळतात म्हणून बहुतेक जण त्याच आणतात, पण त्यांतील खिळे राखेबरोबर वाळूत राहतात आणि नंतर कोणाच्या तरी पायात शिरतात. अशा फळ्या वापरायच्याच असतील तर खिळे आधी उपटून काढावेत. पेटवण्यासाठी दुकानात मिळणाऱ्या ज्वलनवड्या पुरेशा होतात. पेट्रोल किंवा दारू ओतून जाळ भडकवणे हे या रात्रीच्या भाजण्याच्या अपघातांचे अगदी टाळता येण्याजोगे कारण आहे.

तेविसाव्या तारखेचे पहिले काम वनस्पतींचे

परदेशी विद्यार्थ्यांना या सणातील अग्नी माहीत असतो, पण घराघरांत चालणारा त्याचा दुसरा भाग बहुधा त्यांच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम विस्ताराने सांगतो. सणाच्या आदल्या एक-दोन दिवसांत बाजारात आणि रस्त्याच्या कडेला सुगंधी वनस्पतींच्या जुड्या विकायला येतात. त्यांत प्रथेप्रमाणे सात वनस्पती असतात, मात्र त्या कोणत्या याबद्दल गावोगावी मतभेद आहेत. रोझमेरी, लिंबाच्या वासाची येर्बा लुइसा, बडीशेपेची हिरवी पाने, नेचा, एल्डरची फुले, गुलाबाच्या पाकळ्या आणि सान शुआनची वनस्पती म्हणूनच ओळखली जाणारी पिवळ्या फुलांची हायपेरिकम ही नावे वारंवार ऐकू येतात. विकणाऱ्या आजीबाईंना प्रत्येक पानाचे नाव विचारावे. त्या आनंदाने सांगतात, आणि भाषा शिकणाऱ्याला याहून चांगला धडा मिळणे कठीण आहे.

संध्याकाळी निघण्यापूर्वी ही जुडी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात बुडवून ते खिडकीबाहेर किंवा गच्चीवर, रात्रीचे दव पडेल असे ठेवावे. २४ तारखेच्या सकाळी त्या पाण्याने तोंड धुतात. वर्षभर आरोग्य लाभते आणि वाईट नजर लागत नाही, अशी श्रद्धा त्यामागे आहे. हे पाणी पिऊ मात्र नये. हायपेरिकम पोटात गेल्यास अनेक औषधांच्या परिणामात बाधा येते, आणि रानातून स्वतः जुडी गोळा करणाऱ्याच्या हाती डिजिटॅलिससारखी विषारी वनस्पतीही लागू शकते, कारण ती गालिसियाच्या रस्त्यांच्या कडेला सर्रास उगवते. ज्याची त्वचा नाजूक आहे त्याने आधी मनगटावर थोडे पाणी लावून पाहावे.

जागा निवडताना भरतीचा विचार करावा

भूमध्य समुद्रावरून आलेल्या मित्रांना भरती-ओहोटीची सवय नसते, पण कोकणात वाढलेल्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागू नये. आ कोरुन्या अटलांटिक महासागरावर आहे आणि उधाणाच्या दिवसांत तेथील भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे दुपारी कोरडी दिसणारी जागा मध्यरात्री पाण्याखाली असू शकते. त्या रात्रीचे भरतीचे वेळापत्रक आधी पाहावे आणि वाळूवर समुद्रशेवाळ व काडीकचरा साचून उमटलेली जी रेषा दिसते, तिच्या बऱ्याच वर जागा धरावी. अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ असेल तर आणखी वर सरकावे.

तीन किनाऱ्यांपैकी पहिल्या खेपेस मी रियासोर सुचवतो. फुटबॉलच्या स्टेडियमशेजारचा हा किनारा तुलनेने आडोशाचा आहे आणि मध्यरात्रीचा मुख्य सोहळाही तेथूनच दिसतो. शेजारचा ओर्सान सर्फिंग करणाऱ्यांच्या आवडीचा आहे, म्हणजेच तेथे लाटा जोरदार असतात. मातादेरो लहान असल्याने लवकर भरतो. चांगली जागा हवी असेल तर दुपारीच कोणीतरी जाऊन बसावे. शेजारी आधीच बसलेल्या गटाला ‘पोदेमोस पोनेर्नोस आकी?’, म्हणजे ‘आम्ही इथे बसू का?’, असे विचारूनच सामान टाकावे. दोन शेकोट्यांमध्ये माणसांना ये-जा करता येईल एवढे अंतर राहिले पाहिजे. गर्दीत फोनचे जाळे कोलमडते, म्हणून चुकामूक झाल्यास भेटण्याचे ठिकाण दिवसाउजेडीच ठरवावे. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरील सर्फर्सचे कारंजे त्यासाठी सोयीचे आहे.

जून महिना आहे म्हणून पातळ कपड्यांत जाऊ नये. नोर्देस नावाचा ईशान्येचा वारा सुटला की रात्री चांगलीच थंडी वाजते. जाड सुती किंवा लोकरी कपडे घालावेत, कारण नायलॉनच्या जाकिटावर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते. ओढणी, लांब झुलते कुर्ते आणि मोकळे केस विस्तवाजवळ बांधून ठेवावेत. पायांत बंद बूट हवेतच. खिळे आणि वाळूखाली दबलेले निखारे अंधारात दिसत नाहीत.

तारली, मिरच्या आणि मक्याचा पाव

या रात्रीचे अन्न म्हणजे भाजलेली सार्डिन, आपल्याकडची तारली. उन्हाळा सुरू होताना हा मासा चरबीने भरतो, आणि सान शुआनच्या सुमारास तो पाव भिजवतो अशा अर्थाची म्हण गालिसियात प्रसिद्ध आहे. २३ तारखेला भाव चढलेले असतात आणि रांगाही लांब असतात, म्हणून प्लासा दे लुगोच्या मासळीबाजारात आदल्या दिवशी नोंदणी करून सकाळी मासे उचलावेत. माणशी अर्धा डझन धरावेत. ते बर्फात ठेवावेत आणि दुपारभर उन्हात राहू देऊ नयेत, कारण या जातीचे मासे गरम राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते नंतर कितीही भाजले तरी जात नाही.

मराठी स्वयंपाकघरातून आलेल्याचा हात लगेच खवले काढून पोट साफ करण्याकडे आणि हळद-तिखट लावण्याकडे जातो, पण येथे तो आवरावा. मासा अख्खा, खवल्यांसकट ठेवतात आणि भाजण्यापूर्वी त्यावर फक्त खडे मीठ पेरतात. खवल्यांमुळे साल जाळीला कमी चिकटते आणि आतला रस टिकतो. भाजणे ज्वाळेवर नव्हे तर निखाऱ्यांवर करायचे असते, म्हणून मोठ्या शेकोटीपासून वेगळा, कोळशाचा लहान विस्तव करावा. जाळी आधी चांगली तापवावी, मासा एका बाजूने तीन-चार मिनिटे होऊ द्यावा आणि एकदाच उलटावा. सारखे हलवले तर तो मोडतो. तयार मासा मक्याच्या पावाच्या जाड कापावर ठेवतात, साल सोलून बोटांनी मांस खातात आणि शेवटी तेल मुरलेला पाव खातात. काटे-चमचे कोणी मागत नाही. त्याबरोबर सालासकट उकडलेले बटाटे असतात, त्यांना काचेलोस म्हणतात. स्वतः भाजणे जमणार नसेल तरी अडचण नाही. संध्याकाळपासून शहरातील वस्त्यांमध्ये बारच्या दारांपुढे आणि रस्त्यांवर जाळ्या मांडलेल्या असतात. तेथे खाऊन किनाऱ्यावर जावे.

शाकाहारी विद्यार्थ्याने उपाशी राहण्याचे कारण नाही, परंतु त्याने स्वतःची सोय स्वतः करावी आणि वेगळी जाळी न्यावी, कारण सामाईक जाळीवर मासे आणि डुकराचे मांस असलेला चोरिसो दोन्ही भाजले जातात. पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या याच दिवसांत बाजारात येतात. त्या तव्यावर ऑलिव्ह तेलात परतून वर खडे मीठ टाकले की झाले, आणि त्यांतली एखादीच तिखट निघते. मक्याची कणसे, बटाटे आणि स्थानिक चीज मिळते. एम्पानादा ही भरलेली पोळी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये. तिच्यात बहुधा मासे किंवा मांस असते आणि पिठातही कधी कधी डुकराची चरबी घातलेली असते.

केइमादा या पेयाबद्दल दोन शब्द. द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली दारू मातीच्या भांड्यात साखर, लिंबाची साल आणि कॉफीच्या बिया घालून पेटवतात, आणि निळ्या ज्वाळेवर मंत्र म्हणत ती पळीने ढवळतात. पाहण्यासारखा विधी आहे. ज्वाळा विझल्यावरही तिच्यात मद्य बरेच उरते, हे ध्यानात ठेवावे. पेटलेल्या भांड्यात बाटलीतून नवी दारू कधीही ओतू नये, कारण ज्वाळा धारेवरून थेट बाटलीत चढते.

मध्यरात्र

आ कोरुन्या युरोपच्या अगदी पश्चिमेला असूनही तेथील घड्याळ मध्य युरोपाचे आहे, त्यामुळे जूनमध्ये सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो आणि पुरता अंधार पडायला अकरा वाजून जातात. घाईने नऊ वाजता लाकूड पेटवणाऱ्या गटाकडे बारा वाजता राखच उरते. लाकडाचा मोठा वाटा मध्यरात्रीसाठी राखून ठेवावा, कारण त्या वेळी रियासोरवर मुख्य होळी पेटते आणि पाठोपाठ सगळा किनारा उजळतो. मेइगा म्हणजे चेटकिणी या रात्री मोकळ्या फिरतात आणि अग्नी त्यांना दूर ठेवतो, अशी जुनी समजूत आहे.

आपल्याकडे होळीला प्रदक्षिणा घालतात, येथे ती ओलांडतात. उड्या विषम संख्येने मारतात, बहुधा सात किंवा नऊ. ज्वाळा गुडघ्याच्या खाली बसल्याशिवाय उडी मारू नये. सर्वांनी एकाच बाजूने, एकामागून एक यावे, कारण समोरासमोर धावत आलेले दोघे शेकोटीच्या मधोमध आदळल्याचे प्रकार घडतात. उतरायची बाजू मोकळी ठेवावी आणि समुद्राच्या पाण्याने भरलेली बादली हाताशी असावी. ज्याने मद्य घेतले आहे त्याने उडीचा आग्रह धरू नये आणि मित्रांनी त्याला धरू देऊ नये.

नको असलेल्या गोष्टी कागदावर लिहून अग्नीत टाकण्याची पद्धत आहे आणि विद्यार्थी आपल्या अभ्यासाच्या वह्याही जाळतात. निकाल लागेपर्यंत वह्या जपून ठेवाव्यात, कारण फेरपरीक्षेची संधी पुढेच असते.

समुद्र

पाण्यात पाय भिजवणे, लाटांवरून उड्या मारणे हाही या रात्रीचा भाग आहे. नऊ लाटा अंगावर घेण्याची प्रथा गालिसियात दक्षिणेकडील ला लान्सादा किनाऱ्यावर विशेष प्रसिद्ध आहे. आ कोरुन्यात मात्र मी कळकळीने सांगतो की रात्री घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ नये. जानेवारी २०१२ मध्ये ओर्सान किनाऱ्यावर एरास्मस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून आलेला एक परदेशी विद्यार्थी रात्री समुद्रात ओढला गेला, आणि त्याला वाचवायला पाण्यात उतरलेले तीन पोलीस अधिकारीही त्याच्याबरोबर मृत्युमुखी पडले. शहर ते विसरलेले नाही. जूनमध्ये लाटा थंडीतल्यापेक्षा सौम्य असतात, पण पाणी तेव्हाही पंधरा-सोळा अंशांचेच असते आणि अंधारात बुडणारा माणूस किनाऱ्यावरून दिसत नाही. कोणी अडचणीत दिसला तर मागोमाग उडी न घेता ११२ हा क्रमांक फिरवावा आणि किनाऱ्यावरील बचावपथकाला हाक मारावी.

पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठी आणि कोंकणी माणसाला हा सण ओळखीचा वाटण्याचे खरे कारण गोव्यात आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेला हाच दिवस तेथे सांजांव म्हणून साजरा होतो. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून तरुण पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेतात आणि शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राला तेथे कोणी आव्हान देत नाही, आणि अटलांटिकच्या काठावरही तोच शहाणपणा कामाला येतो.

भाजल्यास, आणि निघताना

किनाऱ्यावर रेड क्रॉस आणि नागरी संरक्षण दलाची मदतकेंद्रे असतात. ती कोठे आहेत हे आल्या आल्या पाहून ठेवावे. भाजले तर तो भाग वीस मिनिटे स्वच्छ गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नये. यासाठी पिण्याच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या वेगळ्या ठेवाव्यात. पायात खिळा गेला तर धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे डॉक्टर विचारतील, म्हणून लसीकरणाच्या कागदाचे छायाचित्र फोनमध्ये असावे.

शेकोटी विझवताना वाळू टाकून निखारे झाकू नयेत. वाळूखाली ते कित्येक तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी येणाऱ्या मुलाचा पाय त्यांवर पडतो. बादलीने समुद्राचे पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि वरून हात धरल्यावर उष्णता लागेनाशी झाली म्हणजेच काम झाले समजावे. कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या घरूनच न्याव्यात आणि खिळे, तारा, धातूचे डबे हाताने वेचून काढावेत. उजाडताना पालिकेचे सफाई कामगार यंत्रे घेऊन वाळूवर उतरतात, तेव्हा जागा आधीच रिकामी केलेली असावी. घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी खिडकीबाहेरच्या पाण्याने तोंड धुवायचे राहू देऊ नये.

स्पेनच्या इतर शहरांत शिकणाऱ्यांनी हाच क्रम जसाच्या तसा लावू नये. बार्सिलोनात या रात्री फटाक्यांचा जोर असतो आणि कोका नावाचा गोड पाव खातात. व्हॅलेन्सियात माल्वारोसा किनाऱ्यावर मध्यरात्री लाटांवरून उड्या मारतात. अलिकान्तेत शहरभर उभारलेल्या प्रचंड कलाकृती २३ ऐवजी २४ तारखेच्या रात्री जाळल्या जातात, त्यामुळे तेथे जाणाऱ्याला आ कोरुन्याची रात्र संपवून दुसऱ्या दिवशीचा बेतही करता येतो, मात्र प्रवास देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा आहे आणि तिकिटे बरीच आधी काढावी लागतात.